नवीन मल्टी, टाऊनशिप, ऑफिस आलं की एकट्याच्या कार खरंच कमी होतात का? मोजायचं कसं, कोणी, कधी: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये जे नवीन मल्टीत (म्हणजे बहुमजली फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये) किंवा टाऊनशिपमध्ये राहायला गेलेत, रहवासी संघाच्या कमिटीत आहेत, किंवा सुपर कॉरिडॉर, विजय नगर साइडच्या एखाद्या ऑफिसात ॲडमिनचं काम बघतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. प्रश्न तेच आहेत जे मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, गणपतीच्या मांडवात लोक परत परत विचारतात.

"एकट्याची कार" म्हणजे नक्की काय धरायचं?

कारमध्ये चालवणारा एकच माणूस, बाकी सीटा रिकाम्या, एवढंच. कार कोणाची, किती महाग, पेट्रोलची की इलेक्ट्रिक याचा इथे संबंध नाही. इलेक्ट्रिक कार धूर सोडत नाही हे चांगलंच आहे पण पलासियाच्या सिग्नलला ती जागा तेवढीच अडवते आणि पार्किंगलाही तेवढीच जागा लागते, त्यामुळे या मोजणीत ती पण एकट्याचीच कार.

गर्दी तर जुन्या शहरात आहे, राजवाडा, सराफा, जेल रोड. मग नवीन बिल्डिंगच्याच मागे का लागायचं?

कारण जुन्या गल्लीत आता बदलायला फार कमी हातात राहिलंय, आणि नवीन बिल्डिंगचा नकाशा अजून कागदावर असतो तेव्हा सगळं बदलता येतं: पार्किंग किती, पायी बाहेर पडायचं छोटं गेट कुठल्या बाजूला, बसस्टॉपपर्यंत फूटपाथ आहे की नाही, सायकल ठेवायला खालीच जागा आहे की बेसमेंटच्या कोपऱ्यात. माणूस नवीन घरात आला की पहिल्या काही महिन्यांत त्याची जायची-यायची सवय बसते आणि एकदा बसली की मग वर्षानुवर्षं तीच चालते. त्यातून बेसमेंटमध्ये एका कारला रस्ता-रॅम्प धरून ३२ चौरस मीटर जागा लागते असं आपल्याकडचं प्लॅनिंगचं माप आहे (उघड्यावर २३), म्हणजे छोटा वन बीएचके जेवढा तेवढी जागा एका गाडीला आपण देतो आणि ती गाडी दिवसातले बहुतेक तास उभीच असते.

पण परवानगी घेताना बिल्डर लिहून देतातच ना, शटल देऊ, सायकल स्टँड देऊ वगैरे?

देतात. आणि इथेच सगळं अडतं. परवानगीच्या वेळी ट्रॅफिकचा रिपोर्ट जोडला जातो, त्यात छान टेबलं असतात की अमुक टक्के लोक बसने जातील, तमुक पायी जातील, मग बिल्डिंग उभी राहते, लोक राहायला येतात, आणि त्यानंतर त्या टक्क्यांचं काय झालं हे बघायला त्या गेटवर कोणी उभं राहत नाही. माझं ठाम मत आहे की न मोजलेलं आश्वासन म्हणजे आश्वासनच नाही. याच इंदूरने ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकून दाखवलं, २०१७ पासून देशात पहिला नंबर सलग टिकवला, तो काही नुसत्या बोर्डांमुळे नाही. रोज सकाळी गाडी दारात येत होती आणि डबा बघत होती म्हणून ते झालं.

जगात कुठे खरंच असं मोजतात का?

हो, आणि बऱ्याच वर्षांपासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराने १९९८ मध्येच नियम केला, घरं सोडून बाकी कुठल्या प्रोजेक्टमध्ये पार्किंग वाढवायचं असेल तर एकट्याच्या कार कमी करायचा प्लॅन द्यायचा, आणि २० किंवा जास्त गाड्यांचं पार्किंग असेल तर एकट्याच्या कारचे टक्के किती ठेवणार ते लिहून द्यायचं आणि दर वर्षी मोजून रिपोर्ट द्यायचा. वॉशिंग्टन राज्यात १९९१ चा कायदा आहे, ज्या ऑफिसात सकाळी ६ ते ९ मध्ये कामावर येणारे १०० किंवा जास्त लोक आहेत तिथे कर्मचारी कसे येतात याचा ठरावीक काळाने सर्व्हे होतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ पासून पॉइंटची पद्धत लावली, जितकं जास्त पार्किंग तितके जास्त पॉइंट कमवायचे, म्हणजे सायकल स्टँड, बस पास, शेअर कार वगैरेंमधून निवडायचं, आणि लोक राहायला यायच्या आधी माणूस येऊन बघतो की कबूल केलेलं खरंच लावलंय का, नंतरही रिपोर्ट चालूच.

यातलं मला सगळ्यात पटतं ते हे की प्रत्येक ठिकाणी त्या बिल्डिंगचा एक ठरलेला माणूस असतो, ज्याला फोन करून विचारता येतं की बाबा आकडे कुठे आहेत.

आपल्याकडे असा काही कायदा आहे का?

एकट्याच्या कार मोजा असं थेट सांगणारा नियम आपल्या रोजच्या पाहण्यात नाही, पण एक धागा आहे आणि तो लोक वापरत नाहीत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असलेल्या प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, मंजुरीच्या अटी असतात, आणि त्या अटी पाळल्या का याचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. हे रिपोर्ट सार्वजनिक कागद आहेत. तुमची टाऊनशिप एवढी मोठी असेल तर आधी मंजुरीचं पत्र मागवा, त्यात ट्रॅफिक, पार्किंगबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. ते पत्र वाचून मग स्वतः मोजलंत तर नगर निगममध्ये किंवा टीएनसीपीमध्ये (नकाशे मंजूर करणारं टाऊन अँड कंट्री प्लॅनिंगचं खातं) बोलायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

आणि शहराच्या पातळीवरचा डेटा म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे आणि किती लांब जातात हे विचारलं होतं. तेव्हा ए.बी. रोडवरची आय-बस पण सुरू झाली नव्हती. त्यामुळे आपल्या गेटचा आकडा आपणच काढलेला बरा.

इंदूरमध्ये तर निम्मं घर ॲक्टिवावर फिरतं, मग फक्त कार मोजून काय उपयोग?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बाहेरच्या देशांचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते याच्यामुळे. नुसत्या कार मोजल्या तर आकडा फसवतो. उदाहरण म्हणून एक काल्पनिक मल्टी घेऊ. सकाळी ८ ते ११ मध्ये गेटमधून एकूण ४६५ माणसं बाहेर पडली. त्यात ९० जण कारमध्ये एकटे, ७० जण कारमध्ये दोघं-तिघं मिळून, १२० जण दुचाकीवर एकटे, ८० जण दुचाकीवर डबल सीट, ६० पायी (यातले काही बसला, मॅजिक म्हणजे शेअर व्हॅनला जाणारे), ३० मुलं स्कूल व्हॅनने, १५ जण ऑटोने. एकट्याच्या कारचे टक्के झाले ९० भागिले ४६५, म्हणजे १९. आता पुढच्या वर्षी यातल्या २० जणांनी कार सोडून स्कूटर घेतली, बाकी सगळं तसंच. एकट्याच्या कार ७०, टक्के १५. रिपोर्टमध्ये लिहितील की बघा चार टक्के कमी केले! पण एकट्याने गाडी चालवणारे आधीही २१० होते आणि आताही २१०च आहेत, बसने आणि पायी जाणारेही तितकेच.

स्कूटरला जागा कमी लागते हे खरंय. इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) हिच्या शहरी रस्त्यांच्या मापात कार १ धरली तर दुचाकी ०.५ ते ०.७५ धरतात आणि बस २.२ ते ३.७, म्हणजे चाळीस माणसांची बस फार तर चार कारइतका रस्ता घेते. त्यामुळे कारवरून स्कूटरवर येणं हा थोडा फायदा आहे, पण तो वेगळ्या ओळीत लिहा, बस आणि पायीच्या ओळीत मिसळू नका. आपल्याकडे दोन आकडे हवेत, एकट्याच्या कार किती आणि एकट्याच्या दुचाकी किती, आणि दोन्हींचे टक्के माणसांवर काढायचे, गाड्यांवर नाही.

गेटवर मोजायचं कसं? मशीन लागतं का?

काही लागत नाही. दोन माणसं, दोन पॅड, एक घड्याळ. घरांच्या मल्टीत सकाळी बाहेर जाणारे मोजायचे, ऑफिसात आत येणारे. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, दर पंधरा मिनिटांनी नवीन ओळ, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी कधी होते तेही कळतं. एकाने चारचाकी बघायच्या आणि आत किती डोकी आहेत ते लिहायचं, दुसऱ्याने दुचाकी, सायकल, ऑटो, व्हॅन आणि पायी. पायी जाणाऱ्यांचं छोटं गेट मागच्या बाजूला असेल तर तिथे तिसरा माणूस लागेलच, नाहीतर पायी जाणारे हिशोबातूनच गायब होतात आणि कारचे टक्के उगाच फुगतात. काळ्या काचा असतील आणि डोकी दिसली नाहीत तर "दिसलं नाही" असा वेगळा रकाना ठेवा, अंदाजाने भरू नका. कॉलेजच्या मुलांना चहा-पोहे आणि थोडं मानधन देऊन हे काम छान होतं, गार्डवर टाकू नका, त्याला आधीच शंभर कामं आहेत आणि गेट उघडता उघडता डोकी मोजणं जमत नाही.

ड्रायव्हर ठेवलेली कार, ओला, शाळेत सोडायला जाणारी आई, हे कसं धरायचं?

गाडी चालवायलाच पगारावर ठेवलेला ड्रायव्हर प्रवासी नाही. मागे एक साहेब बसलेत आणि पुढे ड्रायव्हर आहे, तर ती एकट्याचीच कार. खरं तर अशी गाडी बऱ्याचदा साहेबांना सोडून रिकामी परत येते आणि संध्याकाळी रिकामी घ्यायला जाते, म्हणजे एका माणसासाठी चार फेऱ्या, त्यामुळे रिकामी परत आलेली गाडी पण लिहून ठेवा. ओला, उबर, ऑटोत ड्रायव्हर सोडून बाकी मोजा.

शाळेचं जरा अवघड आहे. जाताना आई आणि मूल म्हणजे दोन डोकी, येताना आई एकटी. फक्त बाहेर जाणारी बाजू मोजली तर ही कार "शेअर" दिसते, पण ती फेरी झाली कशासाठी, तर मुलाला सोडायला. पर्यायाने स्कूल व्हॅन असती तर आईला बाहेर पडायलाच लागलं नसतं. म्हणून शाळेची फेरी वेगळ्या खुणेने लिहा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला आकडा शाळेच्या दिवसांच्या आकड्याशी कधीच लावू नका. आई म्हटलं कारण गेटवर सकाळी बहुतेक त्याच दिसतात, बाबा सोडत असतील तरी हिशोब तोच.

कुठल्या दिवशी मोजायचं?

मंगळवार, बुधवार, गुरुवार. सोमवार-शुक्रवारी लोक बाहेरगावी जातात-येतात, शनिवारी आयटीवाल्यांना सुट्टी. एकाच दिवसावर जाऊ नका, सलग तीन दिवस मोजा आणि सरासरी घ्या. रंगपंचमीच्या गेरचा (रंगांच्या मिरवणुकीचा) आठवडा, अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचा (देखाव्यांच्या मिरवणुकीचा), दिवाळीच्या मागचे-पुढचे दिवस, बोर्डाच्या परीक्षा, जोराचा पाऊस, हे सगळं टाळा. आणि दर वर्षी त्याच महिन्यात. आम्हाला जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात बरी वाटते, हवा चांगली असते, शाळा चालू, लग्नं असतात पण ती संध्याकाळी.

२२ सप्टेंबरला नो कार डे असतो, त्या दिवशी मोजलं तर?

जरूर मोजा, पण तो आकडा वेगळा ठेवा. २०२३ ला महापौर पुष्यमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने इंदूरमध्ये हा दिवस पाळला तेव्हा मोठमोठे अधिकारी बसने, सायकलने ऑफिसला गेले आणि लोकांनाही आवडलं. त्या दिवशी लोकांनी काय केलं यावरून एवढं कळतं की मनात आणलं तर किती जणांना जमतं, आणि २३ तारखेचा आकडा शेजारी ठेवला की किती जण परत कारमध्ये बसले तेही कळतं. वर्षाचा रिपोर्ट मात्र साध्या दिवसाचाच हवा.

आमच्याकडे बूम बॅरियर आहे, टॅग आहे, ॲपमध्ये सगळी नोंद होते, मग माणसं उभी करायची गरज काय?

बॅरियरला गाडी कळते, माणूस कळत नाही. त्याचा उपयोग आहे, रोजच्या किती कार बाहेर गेल्या हे वर्षभराचं मिळतं आणि तुमचे तीन दिवस नेहमीसारखे होते का हे पडताळता येतं. पण फ्लॅटवार यादी काढून कोण किती वेळा गेलं हे ग्रुपवर टाकणं साफ चूक. नंबर प्लेट, नाव, फ्लॅट नंबर काही लिहायचं नाही, फक्त बेरीज. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्यावर पाळत ठेवायला आपण हे करत नाही आहोत.

सर्व्हेत काय विचारायचं?

गेटवरच्या मोजणीसोबत घरोघरी किंवा ऑफिसात एक छोटा फॉर्मही भरून घ्या. त्यात "तुम्ही सहसा कसे जाता?" हे विचारू नका, सहसा म्हटलं की माणूस स्वतःबद्दल चांगलं सांगतो. विचारा की मागच्या सोमवारी कसे गेलात, मंगळवारी कसे गेलात, असं पाच दिवसांचं, त्यात "घरून काम" आणि "सुट्टी" हे पर्याय ठेवा. जे दोन गाड्या बदलतात, म्हणजे स्कूटर स्टँडवर लावून पुढे बस, त्यांनी लांबचा टप्पा लिहायचा. शेवटी एकच मोकळा प्रश्न, "बसने का जात नाही?" या एका प्रश्नाची उत्तरं बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा कामाची निघतात: स्टॉपपर्यंत अंधार आहे, फूटपाथवर ठेले आहेत, रात्री ९ नंतर परत यायला काही मिळत नाही, बस कधी येईल तेच कळत नाही.

आणि उत्तर न देणाऱ्यांचं काय? १५० घरांपैकी ५० घरांनीच फॉर्म भरला तर बहुतेक तेच भरतात ज्यांना या विषयात रस आहे, आणि ते थोडे जास्त बसवाले असतात. म्हणून टक्के दोनदा काढा, एकदा फक्त भरलेल्या फॉर्मवर आणि एकदा न भरलेल्या सगळ्यांना एकट्याची कार धरून. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, गेटवरच्या मोजणीशी लावून बघा म्हणजे अंदाज येतो.

पार्किंग मोजणं का गरजेचं?

कारण गेटच्या आत कमी झालेली कार बाहेरच्या गल्लीत सापडते. ऑफिसने आत पार्किंगला पैसे लावले की लोक शेजारच्या कॉलोनीत गाडी लावून चालत येतात, आणि रिपोर्टमध्ये ते "पायी आले" म्हणून दिसतात! म्हणून आजूबाजूच्या २००-३०० मीटरच्या गल्ल्यांतल्या उभ्या गाड्या पण मोजा, ऑफिसासाठी दुपारी १२ च्या सुमारास, घरांसाठी रात्री ११ नंतर. आणि हे काम पार्किंगच्या पैशाचा किंवा दुसरा कुठला नियम लागू व्हायच्या आधी एकदा झालेलं असायला हवं, नाहीतर कॉलोनीवाले म्हणणार तुमच्यामुळे, तुम्ही म्हणणार आधीपासून होत्या, आणि भांडण मिटणार नाही.

कार कमी झाल्या तर त्या आमच्या उपायांमुळेच, हे कशावरून?

एकट्या तुमच्या आकड्यावरून नाही सांगता येत. शहर मध्येच बदलत असतं. ए.बी. रोडवर २०१३ पासून बीआरटीएस, म्हणजे फक्त बसची वेगळी लेन, होती, २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर तो कॉरिडॉर तोडायला घेतला, आणि त्याच वर्षी ३१ मे ला सुपर कॉरिडॉरवर मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरच्या आसपासचा टप्पा सुरू झाला. त्याच ए.बी. रोडवरच्या एलआयजीजवळच्या ऑफिसचे बसवाले कमी झाले तर तो दोष ऑफिसचा म्हणायचा का? आणि मेट्रोजवळच्या, गांधी नगरकडच्या टाऊनशिपमध्ये कार कमी झाल्या तर श्रेय बिल्डरच्या सायकल स्टँडला द्यायचं का? म्हणून शेजारची, साधारण तेवढीच, काहीही उपाय न केलेली एक मल्टी त्याच आठवड्यात मोजा. तिथे दोन टक्के कमी आणि तुमच्याकडे सात टक्के कमी, तर पाच तुमचे म्हणता येतील, तेही जरा जपून.

मग उपाय कोणते खरंच चालतात?

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पार्किंगच्या पैशाने पडतो, पोस्टरने नाही. कॅलिफोर्नियात १९९२ ला कायदा झाला की ऑफिस भाड्याच्या जागेत फुकट पार्किंग देत असेल तर ज्याला पार्किंग नको त्याला तेवढे रोख पैसे द्यायचे. पार्किंगचा अभ्यास करणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी तिथल्या आठ कंपन्या तपासल्या तेव्हा एकट्याने कार चालवणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले होते. कोणावर बंदी नाही, दंड नाही, फक्त कार न आणणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळाला. इंदूरच्या ऑफिसात हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, पार्किंगवर जो खर्च होतो तो भत्ता म्हणून सगळ्यांना सारखा द्या आणि पार्किंगचे पैसे वेगळे घ्या.

घरांच्या मल्टीत हे कठीण आहे कारण पार्किंग फ्लॅटसोबतच येतं, आणि उघडं पार्किंग रेरा कायद्यात सामाईक जागा आहे, ते विकता येत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या कारच्या जागेचं महिन्याचं शुल्क कमिटी मीटिंगमध्ये ठरवू शकते, आणि ते पैसे स्टॉपपर्यंतच्या ई-रिक्षाला वापरता येतात. बाकी छोट्या गोष्टी: मागचं गेट उघडं ठेवणं (सिक्युरिटीच्या नावाखाली हे बंद करतात आणि स्टॉप लांब पडतो, मला याचा खरंच त्रास होतो), सायकलला सावली, शाळेची व्हॅन थेट आत येऊ देणं.

टार्गेट किती ठेवायचं?

पहिल्या वर्षी टार्गेटच नको, फक्त मोजा. दुसऱ्या वर्षी त्या आकड्यावरून ठरवा. बाहेरच्या शहराचे टक्के उचलू नका, अमेरिकेत सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास लोक कामावर एकटे कारने जातात, तिथली कमी झालेली संख्यासुद्धा बऱ्याचदा आपल्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा जास्त असते.

आजी-आजोबा, डायलिसिसला जाणारे, रात्रपाळीच्या मुली, यांनी पण कार सोडायची का?

अजिबात नाही, आणि मीटिंगमध्ये हे सुरुवातीलाच सांगा. मोजणी गर्दीच्या तासांतल्या रोजच्या फेऱ्यांची आहे. ज्यांना कार लागतेच त्यांच्यासाठी तर रस्ता मोकळा हवा.

किती वर्षं करायचं आणि आकडे कोणाला द्यायचे?

लोक ८० टक्के राहायला आले की पहिली मोजणी, मग पहिली तीन वर्षं दर वर्षी, नंतर एक वर्ष सोडून चालेल. आकडे नोटीस बोर्डवर लावा, वाईट आले तरी लावा, आणि एक प्रत वॉर्डाच्या पार्षदांना, एक निगमला, एक सिटी बसवाल्या एआयसीटीएसएलला, सोबत "बसने का जात नाही" या प्रश्नाची उत्तरं. कमिटी बदलली की फाइल हरवते हे नेहमीचं आहे, म्हणून मूळ पॅडची पानं सुद्धा स्कॅन करून ठेवा आणि पुढच्या सेक्रेटरीला चार्ज देताना चाव्या, बँकेचं पासबुक आणि ही फाइल, तिन्हीची सही घ्या.